अब्लेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी: बंद करायची की चालू ठेवायची?

अब्लेशन होऊन वर्ष उलटतं, धडधड गेलेली असते, ईसीजी चांगला येतो, आणि घरातलं प्रत्येक जण विचारायला लागतं, "आता ती रक्त पातळ करायची गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक जण त्याचं उत्तर ठोक्यांत शोधतात आणि तिथेच गल्लत होते. अब्लेशन, म्हणजे पायाच्या शिरेतून तार हृदयात नेऊन ठोके बिघडवणारी जागा निकामी करणं, हे धडधडीसाठी असतं. गोळी मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून असते. पहिलं काम नीट झालं म्हणून दुसऱ्याची गरज आपोआप संपत नाही. ती संपली आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

सोलापुरात औषधांच्या दुकानात काउंटरमागे माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके लय सोडून वेडेवाकडे पडतात आणि ज्याला डॉक्टर 'एएफ' म्हणतात त्या आजारासाठी, माझं अब्लेशन पुण्यात झालं. गोळी थांबवायची का, हे ठरवताना कोणत्या पायऱ्या आल्या आणि लोक कुठे अडखळतात, ते इथे लिहितो. माझ्या फाइलमधले आकडे उदाहरणापुरते दिलेत. तुमची फाइल वेगळी असणार.

सगळ्यात आधी डिस्चार्ज कार्ड काढून अब्लेशन नेमकं कशाचं झालं ते वाचा. आपल्याकडे "करंट देऊन नस जाळली" एवढंच सांगितलं जातं, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. एसव्हीटीचं, म्हणजे अचानक सुरू होणाऱ्या जलद पण नियमित ठोक्यांचं अब्लेशन असेल (कार्डावर एव्हीएनआरटी किंवा डब्ल्यूपीडब्ल्यू असं काही लिहिलेलं असतं) आणि सोबत एएफ नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा दीर्घकाळ प्रश्नच येत नाही. फ्लटरचं, म्हणजे वरचा कप्पा एकाच लयीत अतिवेगाने फडफडण्याच्या आजाराचं असेल तर प्रश्न येतो, कारण फ्लटर बरा झालेल्या बऱ्याच जणांना पुढे एएफ निघतो. आणि 'पल्मनरी व्हेन आयसोलेशन' लिहिलं असेल तर ते एएफचं अब्लेशन. एएफ बहुधा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून त्या शिरा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यापासून विजेच्या दृष्टीने तोडणं हा या उपचाराचा गाभा आहे. उष्णतेने तोडा, थंडाव्याच्या फुग्याने तोडा किंवा नव्या पल्स्ड फील्डने, म्हणजे विजेच्या क्षणिक झोतांनी तोडा, गोळीचा हिशेब तोच राहतो. शेजारच्या बाईंची गोळी महिन्यात बंद झाली म्हणून आपलीही व्हावी, असं म्हणण्याआधी त्यांचं कार्ड कोणतं होतं ते बघायला हवं.

गुठळी होते कुठे, हे कळलं की पुढचं सोपं जातं. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. एएफमध्ये कप्पा आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरतो, पिशवीतलं रक्त साचून राहतं आणि गोठतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये या कप्प्यात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के त्या पिशवीत असतात. तिथून सुटलेली गुठळी सरळ मेंदूकडे जाऊ शकते. अब्लेशनने शिरा तुटतात, पिशवी जागेवरच राहते. शिवाय ज्याचा कप्पा वर्षानुवर्षं ताणला गेला आहे, बीपीने जाडावला आहे, त्याच्यात ठोके सुधारल्यावरही रक्त थोडं संथच फिरतं. म्हणूनच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करताना डाव्या कप्प्याचा आकार लिहून घ्यावा. रिपोर्टमध्ये तो 'एलए' म्हणून असतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल मात्र चर्चेला जागा नाही. कप्प्याच्या आतल्या अस्तराला जखमा झालेल्या असतात, कप्पा काही काळ सुन्न असतो, आणि हा गुठळीला पोषक काळ आहे. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना किमान २ महिने सांगतात, अमेरिकेच्या २०२३ च्या किमान ३ महिने. धोका शून्य असलेल्या तरुणालाही हे लागू. याच काळात सूज असल्यामुळे मधूनमधून एएफ परत येतो. त्यावरून अब्लेशन फसलं असं धरत नाहीत आणि त्या काळात ठोके छान आहेत म्हणून यशही धरत नाहीत. गोळीचे खाडे बहुतेक याच काळात पडतात. पुण्याहून ३० दिवसांच्या गोळ्या घेऊन माणूस घरी येतो, त्या संपतात, जवळच्या मेडिकलमध्ये तो ब्रँड नसतो, आणि "मागवतो, परवा या" यात चार दिवस जातात. एपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा असर दिवस-दोन दिवसांत उतरतो. त्यामुळे आठवड्याचा साठा शिल्लक असतानाच पुढची पट्टी आणावी, आणि मेडिकलवाल्याला ब्रँड न सांगता औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगावं. एपिक्साबॅन ५ म्हणजे कोणत्याही कंपनीचं एपिक्साबॅन ५. फक्त एपिक्साबॅनच्या जागी रिव्हरॉक्साबॅन घेऊ नये. त्याची मात्रा आणि वेळ दोन्ही वेगळी आहेत.

तीन महिने सरले की पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजायचे. डॉक्टर ज्याला 'चॅड्स-व्हॅस्क' म्हणतात तो हिशेब कुणालाही करता येतो. हृदयाची ताकद कमी असणं किंवा हार्ट फेल्युअर झालेलं असणं, १. उच्च रक्तदाब, १. मधुमेह, १. हार्ट अटॅक, स्टेंट, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यापैकी काही, १. वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा पुढे असेल तर २. आधी पक्षाघात किंवा थोड्या वेळात ओसरलेला झटका झाला असेल तर २. स्त्रियांना जुन्या पद्धतीत १ गुण जास्त धरत. युरोपने २०२४ मध्ये तो काढून टाकला. नव्या मोजणीत २ किंवा अधिक आले तर गोळी घ्यावीच अशी शिफारस आहे, १ आला तर विचार करावा अशी.

मोजताना सगळ्यात जास्त चुकतो तो रक्तदाबाचा गुण. "माझं बीपी आता नॉर्मल आहे" असं सांगून लोक तो सोडून देतात. गोळीने नॉर्मल असलेलं बीपीसुद्धा १ गुणच असतं, कारण कप्प्यावर आणि रक्तवाहिन्यांवर जो परिणाम व्हायचा तो झालेला असतो. मधुमेहाचंही तेच, साखर कितीही आटोक्यात असली तरी. दुसरी चूक विसरलेल्या झटक्याची. आठ-दहा वर्षांपूर्वी तासभर तोंड वाकडं झालं होतं, हात गळाला होता, मग आपोआप बरं वाटलं, डॉक्टरकडे गेलोच नाही, अशी आठवण घरच्यांना विचारल्याशिवाय निघत नाही. त्या एका आठवणीने सगळा निकाल फिरतो. माझ्या बाबतीत वय ६७ चा १ आणि बीपीचा १, असे २ गुण झाले.

काही जणांसाठी हा प्रश्न उघडतच नाही, आणि हे स्पष्टच लिहायला हवं. आधी पक्षाघात झालेला असेल, कृत्रिम धातूची झडप असेल, संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झालेली असेल, हृदयाचा स्नायू आनुवंशिक आजाराने जाडावलेला असेल, तर अब्लेशन कितीही उत्तम झालेलं असो, गोळी चालूच राहते. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला आणि पुढे झडप खराब झालेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत. त्यांना नव्या गोळ्यांपेक्षा जुनी वॉर्फरिन किंवा एसिट्रोमच योग्य ठरते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, मोजून मात्रा ठरवायची, बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३, काही कृत्रिम झडपांना त्याहून जास्त. त्यांनी मेथी, शेपू, पालक सोडायची गरज नाही. आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खायची. हिवाळ्यात रोज भाजी आणि उन्हाळ्यात महिनाभर काहीच नाही, असं झालं की आयएनआर झोके खातो.

आता मधला गट. गुण १, २ किंवा ३, पक्षाघात कधी नाही, झडप ठीक, अब्लेशन होऊन वर्ष झालेलं आणि एएफ परत दिसलेला नाही. २०२५ पर्यंत डॉक्टर या लोकांना ठाम उत्तर देऊ शकत नव्हते. जुन्या नोंदींवरून अंदाज बांधत. त्या वर्षी दोन चाचण्यांचे निकाल आले. कोरियातल्या 'अलोन-एएफ' चाचणीत ८४० जण होते, सगळ्यांच्या अब्लेशनला किमान वर्ष झालेलं, एएफ परत न आलेला. अर्ध्यांची गोळी थांबवली, अर्ध्यांची चालू ठेवली. दोन वर्षांत पक्षाघात, इतरत्र गुठळी किंवा मोठा रक्तस्राव मिळून थांबवलेल्यांत ०.३ टक्के, चालू ठेवलेल्यांत २.२ टक्के. फरक मुख्यतः रक्तस्रावाचा होता. दुसरी 'ओशन' चाचणी, १२८४ जण, रिव्हरॉक्साबॅन १५ मिलिग्रॅम विरुद्ध ॲस्पिरिन, तीन वर्षं, आणि सुरुवातीला व शेवटी मेंदूचा एमआरआय. पक्षाघात किंवा न जाणवलेली पण एमआरआयवर दिसलेली नवी खूण रिव्हरॉक्साबॅनवाल्यांत ०.८ टक्के, ॲस्पिरिनवाल्यांत १.४ टक्के. हा फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. किरकोळ नसलेला पण जिवावर न बेतणारा रक्तस्राव मात्र रिव्हरॉक्साबॅनवर ५.५ टक्के, ॲस्पिरिनवर १.६ टक्के.

या आकड्यांनी "कधीच थांबवायची नाही" हे वाक्य मागे पडलं, ते योग्यच झालं. पण चाचणीत कोण होतं ते नीट वाचायला हवं. दोन्हींत सरासरी गुण २ च्या आसपास. ४ किंवा त्याहून जास्त गुणांचे आणि आधी पक्षाघात झालेले थोडेच. आणि सगळ्यांचा एएफ गेलेला असल्याचं तपासून पाहिलेलं. ७८ वर्षांच्या, मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाने हे आकडे स्वतःला लावू नयेत. ज्याचा एएफ गेला की नाही हे पाहिलेलंच नाही, त्यानेही लावू नयेत.

आणि पाहणं म्हणजे काय, यावरच माझ्या मते सगळा निर्णय उभा आहे. अब्लेशननंतर एएफ परत आला तरी तो पूर्वीइतका जाणवत नाही. आधी धडधडून उठवणारा एएफ आता झोपेत येतो आणि निघून जातो. म्हणून "मला काही होत नाही" हा पुरावा धरता येत नाही. दवाखान्यातला ईसीजी दहा सेकंदांचा असतो. तो चांगला आला म्हणजे ते दहा सेकंद चांगले होते, एवढंच.

रोज करता येण्यासारखी तपासणी नाडीची. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची मधली दोन बोटं ठेवायची आणि घड्याळात पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण आपल्याला आकड्यापेक्षा चाल ऐकायची आहे. एखादा ठोका हुकला आणि पुन्हा तीच लय आली तर ते सहसा जादा ठोके असतात. कोणताही ठोका कधीही पडतोय, लय सापडतच नाही, असं असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा. बीपीच्या यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली तरी तेच. मनगटावरचं ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर उपयोगी आहे, पण ते बटण दाबल्यावर ३० सेकंदच नोंद करतं. घड्याळाने सांगितलं तेव्हाच गोळी घ्यायची, ही पद्धत अजून अभ्यासात आहे. घरी करून पाहायची नाही.

निर्णयाआधी लांब नोंद लागतेच. २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, सोलापुरात सहज होतं, पण महिन्यातून एकदा येणारा एएफ त्यात सापडण्याची शक्यता कमी. ७ किंवा १४ दिवसांचा पॅच, म्हणजे छातीवर चिकटवून ठोके नोंदवणारी पट्टी, मिळतो का, हे आपल्या हृदयरोग डॉक्टरांकडे आधी विचारून ठेवावं. लावायचा असेल तर शक्यतो एप्रिल-मे टाळावा. पारा ४० च्या वर गेला की घामाने चिकटपट्टीची कड सुटते, सुटली की नोंदीत गोंधळ येतो, आणि तो गोंधळ संगणक एएफ म्हणून मोजतो. यंत्रमागावर किंवा भट्टीशेजारी काम करणाऱ्याने तर थंडीचेच दिवस निवडावेत. लावण्याआधी छातीवरचे केस काढावेत, तेल-पावडर लावू नये, आंघोळ कशी करायची ते विचारून घ्यावं. सोबत वही ठेवावी: जिना चढलो, जेवलो, झोपलो, धडधडलं, वेळेसकट.

रिपोर्ट आला की शेवटच्या ओळीतला निष्कर्ष वाचून फाइल मिटू नका. चार गोष्टी बघा: नोंद एकूण किती तासांची झाली आणि त्यातले वाचता येण्याजोगे किती, एएफ किती टक्के वेळ होता, सगळ्यात लांब सलग एएफ किती मिनिटांचा, आणि त्या वेळची ठोक्यांच्या रेषांची प्रत्यक्ष पट्टी छापली आहे का. पट्टी नसेल तर मागून घ्या. माझ्या रिपोर्टमध्ये संगणकाने एएफच्या तीन नोंदी दाखवल्या होत्या. त्यातल्या दोन दात घासतानाच्या निघाल्या, हात हलल्याने रेषा थरथरली होती. तिसरी खरी होती: पहाटे तीननंतर सुरू झालेला १९ मिनिटांचा एएफ. वहीत त्या वेळेसमोर 'झोप' एवढंच लिहिलेलं होतं. सुरुवातीचा सूट दिलेला काळ संपल्यावर ३० सेकंदांहून लांब नोंद दिसली की एएफ परत आला असं धरतात. म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर गोळी थांबवता आली असती, त्या चाचण्यांतल्या माणसांत मी बसतच नव्हतो.

रक्तस्रावाची बाजूही तितक्याच बारकाईने तोलावी लागते, कारण गोळी चालू ठेवण्याचीही किंमत असते. त्यासाठी 'हॅस-ब्लेड' नावाची वेगळी मोजणी आहे. लोक तिचा वापर गोळी थांबवायला कारण म्हणून करतात, पण तिचा खरा उपयोग दुरुस्तीसाठी आहे. वरचं बीपी १६० च्या पुढे जात असेल तर ते आधी खाली आणायचं. दारू थांबवायची. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून विचारून घेतलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद करायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ही औषधं म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण, आणि काउंटरवरून सगळ्यात सहज दिली जातात तीच. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही विचारून. स्टेंटसाठी चालू असलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल वर्षानंतरही सवयीने चालू राहिलेली असते. ती आता हवी का, हे हृदयरोग डॉक्टरांना थेट विचारायचं. आपण होऊन बंद करायची नाही. हिमोग्लोबिन, किडनी आणि यकृताच्या तपासण्या वर्षातून किमान एकदा, वय ७५ च्या पुढे किंवा किडनी कमजोर असेल तर जास्त वेळा. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर गोळीला दोष देण्याआधी पोटाची आणि आतड्याची तपासणी करावी. आत लपलेली जखम किंवा गाठ या गोळीमुळे लवकर उघडकीस येते.

मात्रा बरोबर आहे का, हेही इथेच तपासावं. किडनीचा हिशेब कागदावर करता येतो: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. वय ६७, वजन ६२, क्रिएटिनिन १.२ असेल तर उत्तर ५२. आता भर मे महिन्यात पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले आणि क्रिएटिनिन १.४ झालं, की उत्तर ४५ वर येतं. रिव्हरॉक्साबॅन ५० च्या वर २० मिलिग्रॅम देतात आणि ५० किंवा खाली आलं की १५. म्हणजे एका कडक उन्हाळ्यात माणूस एका मात्रेतून दुसरीत जाऊ शकतो. म्हणून अशा आकड्यावर लगेच गोळी बदलायची नाही. पाणी भरून काढून आठवड्याने पुन्हा तपासायचं आणि मग डॉक्टरांना दाखवायचं. एपिक्साबॅनचा नियम वेगळा आहे: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींतल्या दोन गोष्टी असतील तरच ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. "वय झालंय, जरा हलकी देऊ" म्हणून दिलेली अर्धी मात्रा गुठळीपासून पुरेसं संरक्षण देतेच असं नाही. एक दिवसाआड घेणं तर त्याहून वाईट.

रिव्हरॉक्साबॅनची १५ आणि २० ची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर ती पूर्ण अंगी लागत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरापासून सोलापूरपर्यंत घरोघरी उपवास असतो. त्या दिवशी नुसत्या चहावर गोळी घेण्यापेक्षा साबुदाणा किंवा भगर पोटभर खाऊन घ्यावी. एपिक्साबॅनला जेवणाचं बंधन नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल मूळ पाकिटातच ठेवायची, दमटपणाने खराब होते. फोडून पाण्यात घालायची नाही.

मग ॲस्पिरिनवर आणलं तर? हा प्रश्न हमखास येतो. एएफमधल्या पक्षाघातासाठी ॲस्पिरिन हा पर्याय मानत नाहीत. संरक्षण तोकडं आणि रक्तस्राव तरीही होतो. ओशन चाचणीत ॲस्पिरिन होती ती तुलनेसाठी, गोळीची जागा घ्यायला नव्हे. लसूण, आलं, काढे हेही पर्याय नाहीत. खरा पर्याय एकच, तोही निवडक लोकांसाठी: त्या पिशवीचं तोंड जाळीदार झाकणाने बंद करणं. २०२४ च्या 'ऑप्शन' चाचणीत अब्लेशन झालेल्या १६०० जणांत हे करून पाहिलं. पक्षाघात आणि मृत्यूच्या बाबतीत ते गोळीच्या तोडीचं ठरलं आणि नंतरचा रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला. पण खर्च मोठा, प्रक्रियेचा स्वतःचा धोका, आणि त्यानंतरही काही आठवडे ते महिने औषधं लागतात.

प्रत्यक्ष भेटीसाठी अब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे पुणे-हैदराबादला जायचं असेल तर नुसता शेवटचा ईसीजी घेऊन जाऊ नका. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघून दहा मिनिटं डॉक्टर भेटतात. त्या दहा मिनिटांत निर्णय व्हायचा असेल तर सगळं हातात हवं: डिस्चार्ज कार्ड, अब्लेशनआधीचा आणि नंतरचा इको, होल्टर किंवा पॅचच्या पट्ट्या, सहा महिन्यांतलं हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन, घरच्या बीपीची वही, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक धरून. विचारायचं थेट: माझे गुण किती धरले? एएफ गेला हे किती तासांच्या नोंदीवरून म्हणताय? थांबवली तर किती वर्षांत शंभरातल्या किती जणांना पक्षाघात होतो, आणि चालू ठेवली तर कितींना मोठा रक्तस्राव? उत्तर स्थानिक फिजिशियनकडे चिठ्ठीवर लिहून न्यावं. दोन डॉक्टरांनी तोंडी दोन गोष्टी सांगितल्या की माणूस मधली, चुकीची वाट धरतो: कधी घेतो, कधी सोडतो.

थांबवायचं ठरलंच, तर ते कागदावर ठरावं. तारीख, कारण, आणि पुन्हा सुरू करण्याच्या अटी. ही गोळी हळूहळू कमी करायची नसते, ठरल्या दिवशी बंद होते. अटी डॉक्टर ठरवतात, पण त्यात हे असावं: ईसीजी किंवा पॅचवर एएफ दिसला तर लगेच कळवायचं. नव्याने मधुमेह, बीपी, हार्ट फेल्युअर किंवा स्टेंट आला तर गुण पुन्हा मोजायचे. ६५ पूर्ण झाली की एकदा, ७५ पूर्ण झाली की पुन्हा. पहिल्या वर्षात सहा महिन्यांनी लांब नोंद, पुढे वर्षाला एकदा. थायरॉइड बिघडणं, जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, या काळात एएफ परत डोकं वर काढतो, तेव्हा नाडीकडे जास्त लक्ष.

माझ्यापुरता निर्णय चालू ठेवण्याचा झाला: एपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दोनदा, वर्षाने पुन्हा पॅच, आणि तेव्हाच्या नोंदीवर नवा विचार. १९ मिनिटांच्या त्या पट्टीशिवाय कदाचित उलटा झाला असता, आणि तोही त्या माहितीवर बरोबरच ठरला असता.

चालू असो वा बंद, घरातल्या सगळ्यांना एवढं माहीत हवं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, यातलं काहीही अचानक झालं तर ओसरायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि जिथे रात्री-अपरात्रीही सीटी स्कॅन होतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, त्या रुग्णालयात जायचं. ते रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तास. गोळी चालू असेल तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, शेवटची गोळी किती वाजता घेतली? गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल तर इंजेक्शन द्यायचं की दुसरा मार्ग धरायचा, हे त्यावर ठरतं. डोक्याला मार लागला, शौच डांबरासारखी काळी झाली, लघवीत रक्त आलं, तेव्हाही हाच प्रश्न. म्हणून औषधाचं नाव, मात्रा आणि सकाळ-संध्याकाळची वेळ लिहिलेली चिठ्ठी पाकिटात आधारकार्डाच्या मागे ठेवा, आणि तिची दुसरी प्रत फ्रिजच्या दारावर लावा.